शरणपूर ते बागामोयो

गेल्या उन्हाळ्यात भाचा निरोप घ्यायला आला तेव्हा त्याच्या पाठीवर साठ लिटरची सॅक होती. व्हिएतनामपासून लाओस, थायलंड, मलेशिया असे चार महिने जमिनीवरूनच फिरायचे, बस मिळेल तिथे बस, रेल्वे मिळेल तिथे रेल्वे, असा त्याचा बेत होता. आमच्या वजनकाट्यावर सॅक ठेवली तेव्हा १४ किलो भरली. दोन किलो कमी करायला हवे, असे म्हणत त्याने एक जीन्स आणि एक पुस्तक माझ्याकडे ठेवले. दारात चप्पल घालता घालता त्याने विचारले, "मामा, आपल्या नाशिकमधून पूर्वी कोणी असं देशोदेशी पायी वगैरे फिरलंय का?"

"फिरलंय," एवढेच मी म्हणालो. पुढचे दारात उभे राहून सांगण्यासारखे नव्हते. ते इथे सांगतो.

नाशिककर दिवसातून एकदा तरी शरणपूर रोडवरून जातो. 'शरण' या शब्दाचा इथे कोणाशी संबंध आहे, असे मी अनेकांना विचारून पाहिले. बहुतेकांनी देवाधर्माशी असणार, असे उत्तर दिले. तेही खोटे नाही. चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची ही वस्ती वसवली. पण १८६० नंतरच्या पंधराएक वर्षांत इथे आणखी एका प्रकारचे लोक शरण आले, खरे तर आणले गेले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून अरबस्तानाकडे निघालेली गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेल्या माणसांपैकी काहींना मुंबईत उतरवले जाई. त्यात मुले पुष्कळ असत. त्यांतली काही मुले नाशिकला शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये आली. इथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले, बाप्तिस्मा दिला आणि नवी नावे दिली. आडनावे बहुधा मिशनऱ्यांची किंवा इंग्रज कुटुंबांची असत. त्यामुळे जुन्या कागदांत ही मंडळी सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशी भेटतात. मॅथ्यूचे जन्मनाव चेंग्विंबे होते, हे टिकून राहिले. इतरांपैकी बहुतेकांची जन्मनावे पुसली गेली. इंग्रजी साधनांत या सगळ्यांना मिळून 'नासिक बॉइज' म्हणतात. त्यांतले काही चांगले तरणेताठे पुरुष होते, तरी 'बॉइज'च.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी १८६४ मध्ये 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून मुंबईला घेऊन आला. नाईल नदीचा उगम शोधण्याच्या पुढच्या मोहिमेची जमवाजमव त्याने १८६५ मध्ये मुंबईतूनच केली. १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून झांझिबारकडे निघाला आणि मार्चमध्ये रोवुमा नदीच्या मुखाच्या आसपास त्याने आफ्रिकेच्या भूमीवर पाऊल ठेवले. त्याच्या तांड्याची मोजदाद त्याच्याच रोजनिशीत आहे. तेरा हिंदी शिपाई, कोमोरो बेटांपैकी जोहानाचे दहा जण, शरणपूरचे नऊ, झांबेझीकाठच्या शुपांगाचे दोन, आणि वेकातानी व चुमा हे दोन याओ तरुण. जनावरांत सहा उंट, तीन म्हशी-रेडे, एक रेडकू, दोन खेचरे आणि चार गाढवे होती. आपल्याकडची जनावरे तिथल्या त्सेत्से माशीपुढे टिकतात का, हे लिव्हिंग्स्टनला पाहायचे होते. ती टिकली नाहीत. शिपायांना त्याच वर्षी माघारी धाडावे लागले. जोहानाचे लोक मुसा नावाच्या म्होरक्यासह पळाले आणि आपले कातडे वाचवण्यासाठी 'साहेब मारला गेला' अशी खोटी बातमी त्यांनी झांझिबारला दिली. ही खोटी बातमी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्या काळी जमिनीवरून देश ओलांडायचे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या मुलांचे काम कळत नाही. आत नाणे चालत नसे. चालत असे कापड, मणी आणि पितळी तार. कोरा मांजरपाट अमेरिकेहून येई म्हणून त्याला 'मेरिकानी' म्हणत. निळ्या रंगाच्या कापडाला 'कनिकी' म्हणत. कोणत्या गावात कोणत्या रंगाचा मणी चालतो हे आधी ठाऊक नसले तर पोतेभर मणी असूनही उपाशी राहायची पाळी येई. प्रत्येक प्रमुखाला वाटसराई द्यावी लागे, तिला 'होंगो' म्हणत. माल उधारीवर मिळे तो झांझिबारच्या कच्छी पेढ्यांवर. लिव्हिंग्स्टनचा माल जिच्यामार्फत जाई त्या पेढीचा कारभार लढा दामजी पाहत असे. थोडक्यात, माझ्या भाच्याच्या खिशातल्या प्लास्टिकच्या कार्डात जे मावते, ते सगळे माणसाच्या डोक्या-खांद्यावरून न्यावे लागे. एका हमालाचे ओझे साधारण तीस किलो. शिवाय त्याचे स्वतःचे अंथरूण आणि भांडे.

हे ओझे घेऊन शरणपूरची मुले आज ज्यांना टांझानिया, मोझांबिक, मलावी, झांबिया आणि काँगो म्हणतात त्या पाच देशांतून चालली. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारी भरपूर आहेत. आळशी आहेत, मागे रेंगाळतात, सामान टाकतात, असे तो लिहितो. मात्र त्या तक्रारींच्या मध्येच एक नोंद येते. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

त्यांच्यातला अब्राहम नावाचा तरुण याओंच्या मुलखात पोचला. हाच त्याचा मूळ मुलूख. पाहायला जमलेल्या गर्दीत त्याला आपला मामा किंवा काका दिसला (इंग्रजीत एकच शब्द असल्याने नाते नेमके कळत नाही). ओळख पटली. तेव्हा त्याला समजले की, त्याला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. नातलगांनी 'इथेच राहा' म्हणून आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेही केला, काही महिने निभाव लागेल एवढा माल द्यायची त्याची तयारी होती. अब्राहमचे उत्तर एकच होते. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे मी थांबून काय करू? तो ओझे उचलून तांड्याबरोबर पुढे गेला. मुंबईत शिकलेल्या वेकातानीलाही पुढे नातलग भेटल्यासारखे झाले, आणि तो मात्र तिथेच राहिला.

जमिनीवरच्या लांब प्रवासाविषयी आपण मराठीत पुष्कळ वाचतो. त्यातला प्रवासी कितीही एकटा, कितीही कफल्लक असला तरी त्याच्या मागे एक घर असते. तो परत येणार, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. अब्राहमपुढे दोन्ही बाजू बंद होत्या. घर म्हणावे ते गाव सापडले, पण त्यात घर उरले नव्हते. आणि शरणपूर हे तर दिलेले घर. अशा माणसाने केलेल्या सात वर्षांच्या चालण्याला आपण 'प्रवास' म्हणतो का? प्रवासवर्णनांच्या याद्या चाळल्या तर उत्तर 'नाही' असेच येते. प्रवास साहेबाचा, आणि बाकीचे त्याचे सामान वाहणारे.

पुढचा टप्पा १८७२ चा. स्टॅन्लेने लिव्हिंग्स्टनला आदल्या वर्षी उजिजीला गाठले होते. परत किनाऱ्यावर जाऊन त्याने सत्तावन्न नवे लोक त्याच्याकडे रवाना केले. त्यांत शरणपुरात वाढलेला आणखी एक गट होता. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार ही त्यातली नावे. जेकब याओ होता, लहानपणी पकडला गेलेला आणि समुद्रावर सुटलेला. त्याला इंग्रजी नीट लिहिता येत होते.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात, बांगवेलू सरोवराच्या दक्षिणेला चितांबो या प्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तिथून समुद्र दीड हजार किलोमीटरहून लांब होता. मुंबईहून १८६६ मध्ये निघालेल्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच शिल्लक होते. सुसी आणि चुमा हे दोघे म्होरके झाले आणि प्रेत किनाऱ्यावर न्यायचे ठरले. फरिजाला नावाच्या माणसाने पूर्वी झांझिबारच्या एका डॉक्टरकडे काम केले होते. त्याने शरीर उघडले, कारस फरारने मदत केली. काळीज आणि आतडी पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरली. ख्रिस्ती अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. शरणपूरच्या शाळेत शिकलेले वाचन असे कामी आले. देह मीठ लावून पंधरवडाभर उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवून डांबर फासले. जेकबने झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली. त्या बुंध्याचा तुकडा पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत पोचला.

प्रेत का नेले? इंग्रजी पुस्तके निष्ठा हे एकच उत्तर देतात. निष्ठा होतीच, पण मला आणखी एक कारण दिसते. मुसाची खोटी बातमी सगळ्यांना ठाऊक होती. 'साहेब मेला' असे नुसते जाऊन सांगितले तर या मंडळींवर कोण विश्वास ठेवणार होते? काळ्या हमालांच्या शब्दाला पुरावा लागत होता, आणि तो पुरावा त्यांनी खांद्यावर घेतला. कागदपत्रे, उपकरणे आणि रोजनिशीही त्यांनी यादी करून सोबत नेली. ती यादी करणाराही जेकबच.

वाट सोपी नव्हती. निघाल्यावर लवकरच अर्धा तांडा तापाने पडला. लुआपुला नदी ओलांडल्यावर चावेंदेच्या गावी चकमक झाली आणि या लोकांनी ते गाव बळकावले, आसपासची गावे जाळली. हे लपवण्यात अर्थ नाही, ही संतांची दिंडी नव्हती. तांड्यात बायकाही होत्या. लिव्हिंग्स्टनचा स्वयंपाक करणारी हालिमा त्यातलीच. उन्यान्येंबेला, म्हणजे आजच्या टाबोराला, लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. प्रेत इथेच पुरा, असे त्याने सांगितले. या लोकांनी ऐकले नाही. पुढे वाटेवरच्या गावकऱ्यांनी प्रेत नेण्याला हरकत घेतली. तेव्हा ज्वारीच्या ताटांचे खोटे प्रेत बांधून ते मागे पुरायला पाठवल्याचे नाटक केले, आणि खऱ्या देहाला कापडाच्या गठ्ठ्याचा आकार देऊन व्यापारी मालासारखा पुढे काढला. १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्रकाठी बागामोयोला पोचले. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांचा पगार चुकता करून त्यांना मोकळे केले.

सुसी आणि चुमा तेव्हा मागेच राहिले. मिशनने खर्च दिला म्हणून एकटा जेकब बोटीवरून देहाबरोबर गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या सोबत्यांत स्टॅन्ले, कर्क अशा नामांकितांबरोबर तो होता. नाशकात लिहायला शिकलेला, गुलामीतून सुटलेला माणूस तिथे उभा होता, हे आपल्या शहराच्या इतिहासात कुठेतरी नोंदले जावे, असे मला वाटते. जिऑग्राफिकल सोसायटीने या लोकांसाठी साठ पदके पाडली. पण ती तयार होईपर्यंत माणसे पांगली होती आणि कित्येकांपर्यंत पदक पोचलेच नाही.

जेकबने या प्रवासाची रोजनिशी लिहिली होती, ४ मे १८७३ पासून १८ फेब्रुवारी १८७४ पर्यंत. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापून आले, मूळ इंग्रजी मात्र मागे पडले. ते हस्तलिखित स्कॉटलंडमध्ये लिव्हिंग्स्टनच्या जन्मस्थानी जपलेले आहे आणि २०१९ मध्ये ते संपादित होऊन सर्वांना वाचायला खुले झाले. वाटेतल्या लोकांविषयी त्यात कठोर शब्द आहेत. मिशनच्या शाळेची नजर त्यात जाणवते. तरीही त्या प्रवासात प्रत्यक्ष चाललेल्या आफ्रिकन माणसाच्या हातची नोंद म्हणून तिची बरोबरी करणारे दुसरे काही नाही. सुसी-चुमांच्या आठवणी होरेस वॉलर या संपादकाच्या लेखणीतून आल्या. जेकबला स्वतःची लेखणी होती, आणि ती त्याला शरणपूरने दिली. जिथे त्याचे जन्मनाव गेले तिथेच ती मिळाली. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

१८७४ च्या अखेरीस प्राइस आफ्रिकेला गेले. मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि नाशिकचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव त्या गावाला दिलेले आहे. जेकब १८९२ मध्ये आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

भाचा चार महिन्यांनी परत आला. सॅक ११ किलोवर आली होती. त्याला घेऊन मी एका संध्याकाळी शरणपूर रोडवरून चालत निघालो आणि वरची सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्या अब्राहमचं पुढे काय झालं?" चितांबोला प्रेत उचलणाऱ्यांत तो होता, असे मी सांगितले. महापालिकेच्या राजीव गांधी भवनासमोर सिग्नल लागला होता. आम्ही थांबलो, आणि हिरवा झाल्यावर रस्ता ओलांडला.