नवा मुनीम आणि तिजोरीची किल्ली

सुरतचा आडत्या, भिवंडीचा कारखानदार आणि परदेशचे गिऱ्हाईक यांची बैठक आता झूमवर भरते. ती ठरवण्याचे काम एआय एजंट करू शकतो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एजंट हुकूम लिहितो, कमांड लाइनचे साधन तो झूमपर्यंत पोहोचवते. खाते क्रमांक, ओळख क्रमांक आणि गुप्त संकेत पटले की झूम एक तासाचा परवाना देते. मात्र गुप्त संकेत ज्याच्या हाती, तो पुन्हा पुन्हा परवाना काढील. तेव्हा व्यापारी बंधूंनो, तो सही केलेल्या कोऱ्या चेकप्रमाणे जपा. एजंटला बैठक ठरवण्यापुरताच अधिकार द्या, रेकॉर्डिंगचा नको. भावाची बोलणी त्यातच असतात. मुनीम कितीही हुशार असो, तिजोरीची किल्ली शेठजींच्याच कमरेला शोभते.