धूळपाटीवरची पहिली अक्षरे

शाहपुऱ्याच्या तलावाकाठी सायंकाळी फिरावयास जाणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा एक लहानसा परिपाठ आहे. दोन फेऱ्या झाल्या की कुठेतरी टेकावे, आणि मग घरच्या, दारच्या, नागपूरकडच्या नि ग्वाल्हेरकडच्या गोष्टी निघाव्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू सलग तीन दिवस फेरीला आल्या नाहीत. प्रकृती बरी नसावी म्हणून आम्ही विचारपूस करावयास गेलो, तो काकू अगदी ठणठणीत! चेहरा मात्र उतरलेला.

"अहो, माझा लेख उडवला!" त्या म्हणाल्या.

काकूंचे वय सत्त्याहत्तर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी ठरली आणि जुन्या राज्याच्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, सरकारी नोकरांची कितीतरी कुटुंबे इकडे आली. त्यांपैकीच एका कुटुंबातील ही तेव्हाची आठ वर्षांची मुलगी. आयुष्यभर शाळेत शिकविले, निवृत्तीनंतर शाहपुऱ्यात घर केले. नातवाने लॅपटॉप आणून दिला, मराठी टंकलेखन शिकविले आणि सांगितले, "आजी, विकिपीडियावर कुणालाही लिहिता येते." काकूंनी बसल्या बैठकीस 'शाहपुरा' या विषयावर लेख लिहिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो लेख नाहीसा झालेला. त्या जागी दोन ओळींची सूचना होती: मजकूर अन्यत्रचा दिसतो, संदर्भ नाहीत.

"कुणालाही लिहिता येते म्हणतात, आणि लिहिले की पुसतात. आपल्याला नाही कळायचे ते," असे म्हणून काकूंनी विषय संपविला. आमच्या मनातून मात्र तो जाईना. अशा किती काकू पहिल्याच दिवशी लॅपटॉप मिटून ठेवीत असतील?

वाचकांपैकी ज्यांचा या प्रकाराशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. विकिपीडिया हा संगणकावर व मोबाईलवर विनामूल्य वाचता येणारा ज्ञानकोश. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला. कोशवाङ्मय मराठीला नवे नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. हे केतकर जन्माने रायपूरचे, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे, हे आपण बृहन्महाराष्ट्रीयांनी विसरू नये. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला.

या जुन्या कोशांत आणि विकिपीडियात एक मोठा भेद आहे. विश्वकोशातील नोंद त्या विषयाच्या जाणकाराने लिहावयाची, संपादकांनी तपासावयाची आणि मग ती छापावयाची. विकिपीडियात लिहिलेले तत्क्षणी प्रसिद्ध होते. तपासणी होते ती नंतर, आणि तीही आपल्याचसारख्या बिनपगारी स्वयंसेवकांकडून. प्रत्येक पानाचा 'इतिहास' जपलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला हे त्यात पाहता येते, आणि चुकीचा बदल क्षणात उलटविता येतो. दाराला कुलूप नसलेल्या घरात चार नियम कसोशीने पाळावे लागतात, तसेच हे आहे. हे नियम नवागताला सांगावयाचे कोणी आणि कसे, हाच खरा प्रश्न.

या प्रश्नाचा कडू अनुभव मराठी मुलखाने एकदा घेतला आहे. २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, अशी ती योजना होती. हेतू उत्तम, उत्साह दांडगा. पण पुष्कळ विद्यार्थ्यांनी पुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरविला. त्यांना मार्ग दाखविण्यासाठी जे नेमले होते, त्यांतील बहुतेक स्वतःच या कामात नवखे होते. जगभरच्या जुन्या संपादकांवर तो मजकूर शोधून काढून टाकण्याचे ओझे पडले, आणि अखेर त्याच वर्षी तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. आम्हांस त्या विद्यार्थ्यांना दोष द्यावासा वाटत नाही. आपल्याकडे शाळेपासून 'उत्तर पुस्तकातल्या शब्दांत लिहा' असेच शिकविले जाते. नियमांची यादी हाती देणे निराळे आणि नियम अंगवळणी पाडणे निराळे, एवढा धडा त्यातून घ्यावयाचा.

तो धडा मनात ठेवून आम्ही काकूंकडे पुन्हा गेलो. सोबत आमच्या गल्लीतील एक तरुण अभियंता होता. तो काही वर्षे मराठी विकिपीडियावर नियमाने लिहितो. त्याने आम्हांस आधीच बजाविले होते, "त्यांच्या हातातले काम आपण करून टाकायचे नाही. कळफलक काकूंकडेच राहील." आणि खरोखरच त्याने तासाभरात एकदाही कळफलकाला हात लावला नाही.

पहिल्याने त्याने काकूंना 'धूळपाटी' दाखविली. हे नाव ऐकताच काकूंची कळी खुलली. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत. चुकले तर धूळ सारखी करावयाची आणि पुन्हा लिहावयाचे. मराठी विकिपीडियाने सरावाच्या पानाला हेच नाव दिले आहे. येथे हवे ते लिहावे, मोडावे, पुन्हा लिहावे. नवागताने आरंभ येथेच केला तर पहिल्या चुकीचा बोभाटा होत नाही.

मग मूळ लेखातील एकेक वाक्य घेऊन बसलो. लेखात दोन परिच्छेद एका जुन्या स्मरणिकेतून उतरविले होते. "पण ती आपलीच स्मरणिका आहे!" काकू म्हणाल्या. स्मरणिका आपली असली तरी मजकूर लिहिणाऱ्याचा, त्यावरचा प्रताधिकार त्याचा. आपल्या देशाच्या कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो टिकतो. त्यातील माहिती घ्यावी, ती आपल्या शब्दांत मांडावी आणि कोठून घेतली ते नमूद करावे. हा पहिला नियम.

दुसरे वाक्य होते, 'हा रमणीय तलाव राजा भोजाने बांधविला.' काकूंनी ते लहानपणी ऐकलेले. तरुणाने शांतपणे विचारले, "काकू, हे कुठे छापलेले सापडेल?" शोधता शोधता काकूंच्याच ध्यानी आले की परंपरेने राजा भोजाशी जोडला जातो तो भोपाळचा मोठा तलाव, आपला शाहपुऱ्याचा तलाव विसाव्या शतकातला. ज्याला छापील, विश्वासार्ह आधार नाही ते लिहू नये, हा दुसरा नियम असा आपोआप पटला. नियम नुसता सांगितला असता तर काकूंना तो अपमान वाटला असता. आजकाल यंत्राकडून आयता मजकूर लिहवून घेऊन तो चिकटविण्याची नवी सवय लागू पाहत आहे. त्या मजकुरात कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे दाखले असतात. जे पुस्तक आपण स्वतः उघडून पाहिले नाही, त्याचा संदर्भ देऊ नये हेच खरे.

तिसरा नियम तटस्थतेचा, आणि तो आपल्या मराठी मनाला सर्वांत जड जातो. 'भोपाळचे भूषण', 'नयनरम्य', 'अवर्णनीय' ही विशेषणे गाळावयाची, 'कै.', 'ती.', 'श्रीमंत' हेही नाही. "वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने लिहायचे?" काकूंनी विचारले. आम्ही उदाहरण दिले. १७३७च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने याच भोपाळपाशी निजामाला कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला. हा प्रसंग पुण्याच्या वाचकाने वाचावा आणि हैदराबादच्या वाचकानेही वाचावा, आणि दोघांनाही तपशिलात खोट काढता येऊ नये, असे लिहावयाचे. बाजीरावाचा पराक्रम तारखांतून आणि तहाच्या अटींतून दिसतोच. त्याला विशेषणांचा टेकू कशाला?

चौथी अडचण नावाची. शाहपुरा एक नव्हे! राजस्थानात भिलवाड्याजवळ शाहपुरा आहे, जयपूर जिल्ह्यात आहे, आपल्याच राज्यात दिंडोरी जिल्ह्यात आहे, आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर नावाने जवळचेच. म्हणून शीर्षकात 'भोपाळ' जोडावे आणि वाचकाला योग्य जागी पोचविणारे पान ठेवावे. या पानाला तेथे 'निःसंदिग्धीकरण' असे भारदस्त नाव आहे. भिलवाड्याजवळचा शाहपुरा तर २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो जिल्हा रद्दही झाला. छापील कोशाला हे कळावयास पुढची आवृत्ती निघावी लागते. येथे एखादी काकू त्याच दिवशी दुरुस्ती करू शकते.

राहता राहिला वागण्याचा नियम. मतभेद झाला तर लेखात झटापट करू नये. प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चापानावर बोलावे आणि तेथे सही करावी. लाटेच्या आकाराचे एक चिन्ह चार वेळा उमटविले की आपले नाव व वेळ आपोआप येते. सार्वजनिक प्रश्नांसाठी 'चावडी' आहे, अडल्यानडल्यास मदतकेंद्र आहे. आपण ज्या संस्थेचे पदाधिकारी आहोत तिच्यावर वा आपल्याच घराण्यावर आपण लेख लिहू नये. चर्चापानावर माहिती ठेवावी आणि दुसऱ्याने ती पारखावी.

हे नियम जसे नव्यांसाठी, तसेच काही जुन्यांसाठीही आहेत, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे आणि नवागतावर धावून जाऊ नये, हेही विकिपीडियाचे लेखी संकेत आहेत. काकूंना आलेली सूचना नियमाप्रमाणे चूक नव्हती; शेकडो पाने राखणाऱ्या मूठभर माणसांकडून प्रत्येकाला पत्र लिहिण्याची अपेक्षा करता येणार नाही. म्हणूनच शेजाऱ्याचे काम सुरू होते. घराघरांत, मंडळांत, वाचनालयांत ज्याला हे कळते त्याने नवख्याजवळ तासभर बसावे. एका बैठकीत एकच नियम सांगावा. पहिल्याच दिवशी नवा लेख लिहवून घेऊ नये. एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारणे, एखाद्या वाक्याला संदर्भ जोडणे इतक्यावरच पहिला धडा संपवावा. मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे, त्याच्या वतीने आपण लिहून देऊ नये.

पण या साऱ्यात काकूंनी एक प्रश्न विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो. "मग १९५६ साली आम्ही नागपूर सोडून आलो, नव्या गावात मराठी बिऱ्हाडे कशी शोधली, पहिला गणपती कुठे बसवला, हे मी सांगितले तर चालणार नाही? हे कुठल्याच पुस्तकात नाही."

नाही चालणार. ज्ञानकोशात आठवण प्रथम लिहिता येत नाही. ती आधी कोठेतरी प्रसिद्ध व्हावी लागते. ऐकावयास कठोर वाटेल, पण या नियमाने आपल्याला आरसा दाखविला आहे. सत्तर वर्षांचा आपला येथील इतिहास आपण बोलत आलो, छापला फार थोडा. स्मरणिका निघतात, त्यांत गौरव भरपूर आणि साल-तारखा तुटपुंज्या. संस्थेच्या स्वतःच्या स्मरणिकेतून स्थापनेच्या वर्षासारखा साधा तपशील घेता येतो, स्तुती घेता येत नाही. तेव्हा जाणत्यांच्या आठवणी वर्षांसह, ठिकाणांसह, नीट तपासून वृत्तपत्रांत, पुस्तकांत आणि आमच्या या मासिकासारख्या अंकांत छापून घेणे, हे आज प्रत्येक मराठी घराचे कर्तव्य आहे. सांगणारी माणसे सत्त्याहत्तर वर्षांची झाली आहेत. थांबावयास आता वेळ नाही.

काकूंनी पुढे काय केले? भोपाळ पूर्वी सीहोर जिल्ह्यात होते आणि १९७२ साली भोपाळ हा स्वतंत्र जिल्हा झाला. लहानपणी पत्रांवर 'जिल्हा सीहोर' असे लिहिल्याचे त्यांना आठवत होते. ग्रंथालयात जाऊन त्यांनी छापील आधार शोधला आणि पृष्ठक्रमांकासह एका वाक्याला जोडला. नवे शब्द पुरते दहाही नसतील. आठ दिवसांनी त्या तलावावर आल्या त्या मोबाईल उंचावीतच.

"बघा, आहे अजून! आणि कुणीतरी माझी वेलांटी सुधारली आहे."

ती वेलांटी सुधारणारे माणूस कोठले, कोण, हे आम्हांस ठाऊक नाही. काकूंच्या मुद्रेवर मात्र, चुकीखाली लाल रेघ न ओढता बरोबर अक्षर शेजारी काढून देणारे गुरुजी भेटल्याचा आनंद होता. त्या सायंकाळी त्यांनी दोनच्या जागी तीन फेऱ्या घातल्या, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या गणपतीची हकीकत आम्हांस सांगावयास घेतली. आम्ही ती वर्षांसह उतरवून घेत आहोत.