रॉ फाइल ‘कॉम्प्रेस्ड’ असली म्हणून फोटो बिघडत नाही

कॅमेऱ्याच्या मेनूत रॉसाठी ‘कॉम्प्रेस्ड’ आणि ‘अनकॉम्प्रेस्ड’ असे दोन पर्याय दिसले की बहुतेक नवे छायाचित्रकार डोळे झाकून दुसरा निवडतात. कॉम्प्रेस केलं की दर्जा गेला, ही धास्ती जेपेगने आपल्या मनात भरवली आहे. जेपेग खरोखरच माहिती टाकून देतं. १४ बिटच्या सेन्सरने नोंदवलेल्या १६,३८४ पायऱ्यांच्या जागी प्रत्येक रंगाच्या २५६ उरतात, वर बारीक तपशीलही पुसला जातो. रॉचा हिशेब वेगळा आहे. तिथे फाइल किती लहान झाली याला महत्त्व नाही. ती उघडल्यावर सेन्सरचे आकडे जसेच्या तसे परत मिळतात का, एवढंच पाहायचं.

लॉसलेस कॉम्प्रेशनमध्ये ते एकूण एक परत मिळतात. निळ्या आकाशातले एकाच रंगाचे चार पिक्सेल ओळीने २०४५, २०४७, २०४६, २०४९ असे असतील, तर चारही आकडे पूर्ण लिहायची गरज नसते. पहिला लिहायचा आणि पुढे फक्त फरक: +२, −१, +३. लहान आकड्यांना कमी बिट लागतात. उघडताना बेरीज करत गेलं की मूळ आकडे हजर. कॅननच्या सीआर२ फाइली याच पद्धतीने लिहिलेल्या असतात. त्या कॅमेऱ्यांच्या मेनूत अनकॉम्प्रेस्डचा पर्यायच नव्हता. म्हणजे जगभरच्या कॅननवाल्यांनी वर्षानुवर्षं कॉम्प्रेस्ड रॉच वापरली आहे. निकॉन आपल्या डी८५०च्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट सांगते की लॉसलेसमध्ये फाइल २० ते ४० टक्के लहान होते आणि दर्जावर काहीही परिणाम होत नाही.

मोठ्या फाइलीत तपशील जास्त, हाही असाच एक पक्का बसलेला समज. तेच दृश्य आयएसओ १०० आणि आयएसओ ६४०० वर टिपून लॉसलेस रॉची तुलना करा. ६४०० ची फाइल मोठी भरते, कारण नॉइजमुळे शेजारच्या पिक्सेलांतले फरक वाढतात आणि ते लिहायला बिट जास्त लागतात. वाढलेली जागा नॉइजने खाल्लेली असते.

आता लॉसी रॉ. इथे आकडे खरंच बदलतात, पण म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. प्रकाश स्वतःच सतत समान येत नाही. एखाद्या पिक्सेलवर १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर त्यात साधारण १०० इकडेतिकडे होणारच. हा निसर्गाचा नियम आहे, कॅमेऱ्याचा दोष नव्हे. १४ बिटची एक पायरी तीन इलेक्ट्रॉनांची धरली, तर तिथला आकडा मुळातच तीसेक पायऱ्यांनी डळमळीत असतो. अशा उजळ भागातल्या काही पायऱ्या एकत्र केल्या तर गमावण्यासारखं फारसं काही नसतं. अंधाऱ्या भागात मात्र २५ इलेक्ट्रॉनांमागे चढउतार पाचांचाच, म्हणून तिथल्या पायऱ्या जपाव्या लागतात. चांगलं लॉसी कॉम्प्रेशन नेमकं हेच करतं: सावल्या राखायच्या, उजेडातली काटकसर करायची.

काटकसर कुठे अंगाशी येते हे सोनीच्या जुन्या कॉम्प्रेस्ड रॉमध्ये दिसलं. त्यात एकाच रंगाच्या १६ पिक्सेलांचा गट करून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा प्रत्येकी ११ बिटांत लिहिला जातो. उरलेले १४ पिक्सेल लहान आकड्यापासूनच्या अंतराने, फक्त ७ बिटांत. गट एकसारखा असेल तर काहीच बिघडत नाही. पण त्या १६ पिक्सेलांत काळं आकाश आणि लखलखीत तारा एकत्र आले, दोघांत समजा १६०० चं अंतर पडलं, तर १२८ पायऱ्यांत ते बसवताना एकेक पायरी १६ ची होते. ताऱ्यालगतच्या अंधारातले बारीक फरक तिथेच संपतात. सावल्या उजळल्या की ताऱ्यांच्या रेषांच्या कडेला चौकटींसारखे डाग उमटतात. छायाचित्रकारांची तक्रार रास्त होती. २०१५ साली सोनीने ए७एस-२ मध्ये अनकॉम्प्रेस्ड रॉ दिली आणि ए७आर-२ साठी फर्मवेअर अपडेटमधून आणली. पण ४२ मेगापिक्सेलच्या त्या कॅमेऱ्यात फाइल ४२ एमबीवरून थेट ८४ च्या घरात गेली. लॉसलेस पर्याय सोनीने २०२१ च्या अल्फा-१ पासून दिला. तो पहिल्यापासून असता तर एवढी कार्डं उगाच भरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

राहिला १२ बिट की १४ बिट. कमी आयएसओवर टिपून सावल्या खूप उचलायच्या असतील तर १४ चा उपयोग होतो. आयएसओ ६४०० ला नॉइज पायरीपेक्षा मोठा असतो. तिथे १२ पुरतात.

म्हणून लॉसलेस उपलब्ध असेल तर तेच ठेवा आणि चिंता सोडा. लॉसलेस नसलेला जुना सोनी हातात असेल तर लग्नसमारंभाला, बातमीला कॉम्प्रेस्ड निर्धास्तपणे वापरा. ताऱ्यांच्या रेषा, रात्रीची रोषणाई, उगवत्या सूर्यासमोरची काळी डोंगरधार यासाठी अनकॉम्प्रेस्ड. घरी आल्यावर त्या अवजड फाइली ॲडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून काढल्या तर सेन्सरचे आकडे न गमावता बरीच जागा सुटते. तिथे लॉसी कॉम्प्रेशनची खूण मात्र करू नका.