निवडचाचणीपूर्वीची तालीम

परवा माधवनगरच्या पटांगणात, बास्केटबॉलच्या निवडचाचणीस निघालेली शेजारची मुलगी चेंडू कुशीत धरून "काका, हात कापतात हो," असे म्हणाली, तेव्हा माझ्या पहिल्या चाचणीतला, कडीला न शिवताच गेलेला चेंडू मला आठवला.

कडी ३.०५ मीटर उंचीवर खरी. परंतु तिचा व्यास ४५ सेंटिमीटर, आणि मुलींचा सहा नंबरी चेंडू जेमतेम त्याच्या निम्मा, हे ध्यानी आले म्हणजे निम्मे भय ओसरते.

उरलेल्यासाठी रोज पन्नास फ्री थ्रो, आणि किती पडले याची वहीत प्रामाणिक नोंद.

निवडकर्ते मात्र, चेंडू निसटल्यावर खेळाडू बचावाला माघारी धावतो की कपाळाला हात लावून उभा राहतो, हेही बारकाईने पाहतात.

शंका खुशाल विचाराव्यात. संध्याकाळी मी पटांगणातच असतो.