केलेले जाणावे, जाणलेले सांगावे

आपल्या वस्तीतल्या कार्यक्रमाचा सर्वांत दुर्लक्षित भाग कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येईल : आभारप्रदर्शन. अध्यक्षांचे भाषण संपले की मागच्या रांगा उठतात, पोरे चपला शोधू लागतात आणि आभार मानणारा कार्यकर्ता देणगीदार, मंडपवाला, लाऊडस्पीकरवाला अशी नावे घाईघाईने वाचून मोकळा होतो. १४ एप्रिलला पहाटे उठून ज्या बायांनी विहार झाडून-धुऊन काढला, भोजनदानाची भांडी रात्री उशिरापर्यंत घासली, त्यांची नावे त्या यादीत आम्ही तरी फारशी ऐकलेली नाहीत.

घरातही तेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वर्धा जिल्ह्यातला शेतकरी बैलाचा खांदा शेकतो, त्याला तूप-हळद लावतो, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर दूरदूरची माणसे येतात. पूजाअर्चा बाजूला ठेवा. वर्षभर राबणाऱ्याची आठवण ठेवण्याची ती रीत आहे, आणि तेवढ्यापुरती ती चांगली आहे. पण त्याच गावातली बाई दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जाते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे सोलतात, कमरेची ओटी भरत जाते, मजुरी किलोवर. संध्याकाळी कापूस मोजून देऊन ती घरी येते आणि चूल पेटवते. तिचा खांदा कोण शेकतो? भाकर मऊ झाली तर कोणी बोलत नाही. वरणात मीठ कमी पडले की मात्र सर्वांना वाचा फुटते.

आम्ही कारकुनी पेशातली माणसे. कोणाकडून किती येणे आहे हे माणसाला तोंडपाठ असते आणि देण्याची पाने कोरी राहतात, हे आम्हाला हिशेबाच्या वहीपेक्षा घरांतच जास्त दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कृतज्ञता हा शब्द आपल्या समाजाने फार वेळा चुकीच्या तोंडून ऐकला आहे. उरलेली भाकर वरून टाकणाराही म्हणत असे, उपकार विसरू नकोस. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्यांना खुले केले. चांगले केले. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले, त्याने दार उघडल्याबद्दल जन्मभर वाकून राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हक्काने घेतले होते. हक्क मिळाला म्हणून कोणाचे मिंधे व्हायचे नसते. कृतज्ञता वेगळी. कोणी मागितले नव्हते, सक्ती नव्हती, तरी ज्याने आपल्यासाठी केले, त्याची ती ओळख आहे.

आपण नेहमी म्हणतो त्या मंगलसुत्तात अडतीस मंगले सांगितली आहेत. त्यांतल्या एकाच गाथेत आदर, नम्रता, संतुष्टी, कृतज्ञता आणि वेळेवर धम्मश्रवण अशी पाच एकत्र येतात. संतुष्टी आणि कृतज्ञता शेजारी-शेजारी आहेत, हे पाठ म्हणताना आपल्या लक्षात येत नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी दोन माणसे जगात दुर्मीळ असल्याचे सांगितले आहे. एक, जो आधी स्वतःहून दुसऱ्याचे भले करतो. दुसरा, जो कतञ्ञू आणि कतवेदी असतो. कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा. कतवेदी म्हणजे ते कळवणारा, व्यक्त करणारा. आपली गाडी बहुधा पहिल्या शब्दावर थांबते. मनात असते हो, पण बोलायचे कसे, असे म्हणणारे बाप आपल्या ओळखीत कमी नाहीत.

आणि बोलले जाते ते केव्हा? पुण्यानुमोदनाच्या दिवशी. फोटोला हार, समोर मेणबत्ती, आणि मुलगा गहिवरून सांगतो की मायने उपाशी राहून आम्हाला शिकवले. सारी माणसे ऐकतात, माय सोडून.

बाबासाहेबांसारख्या शब्दप्रभूच्या बाबतीतही वेळेने असाच दगा दिलेला दिसतो. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. मित्र नव्हते, पैसा नव्हता, त्या दिवसांत तिने बरोबरीने सोसले, ही नोंद त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत केली. ग्रंथ निघाला १९४० साली. रमाई २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत, तब्येत ढासळलेली असताना आपण हे काम पुरे करू शकलो ते पत्नी सविता आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी लिहिले. मुद्रिते तपासणारे म. भि. चिटणीस यांचेही आभार मानले. आपल्याला तथागतांच्या वाटेवर नेणारे बुद्धचरित्र दादा केळुसकरांनी भेट दिले होते, हेही ते विसरले नाहीत. पण ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, छापून आला तेव्हा ती प्रस्तावनाच त्यात नव्हती. ती लोकांपुढे आली बऱ्याच वर्षांनी. अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना आपण वाचनात सोडून देतो. बाबासाहेबांच्या मात्र सोडू नयेत, असे आम्हाला वाटते.

मानसशास्त्रज्ञांनीही हा विषय तपासला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या; दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले आणि त्यांनी व्यायामही जास्त केला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचे २०१८ चे निष्कर्ष तर आपल्या संकोचावरच बोट ठेवतात. आभाराचे पत्र लिहिणाऱ्याला वाटते, समोरच्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्याला तितके अवघडल्यासारखे होत नाही, आणि आनंद अपेक्षेहून जास्त होतो.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा आम्ही काही कार्यकर्ते घरांना एक साधी गोष्ट सुचवतो. शनिवारी रात्री वंदना झाली की प्रत्येकाने घरातल्या दुसऱ्याचे एक काम नाव घेऊन सांगायचे. तू फार चांगली, असे मोघम नाही. परवा मला ताप होता तेव्हा तू दोनदा उठलीस, असे. मुलांनीही सांगायचे, मुलांबद्दलही सांगायचे. जेथे दारू आणि मारहाण आहे तेथे आम्ही हे सांगत नाही. तेथे बाईला कृतज्ञता शिकवणे हा अन्याय आहे, तेथे आधी दुसरी कामे आहेत. आणि नुसते गोड बोलून पाण्याची घागर तिच्याच डोक्यावर ठेवायची असेल, तर न बोललेले बरे.

हिंगणघाटकडच्या एका निवृत्त गिरणी कामगाराने हे केले. काम सुटले होते त्या काळात बायकोने डबे करून घर चालवले, हे त्याने सुना-नातवंडांसमोर पहिल्यांदा बोलून दाखवले. म्हातारी म्हणाली, ‘आता आठवलं का बाप्पा?’ मग हसली, आणि लगेच त्या काळच्या त्याच्या दोन चुकाही सांगून टाकल्या. नातवंडांना डब्यांची गोष्टच ठाऊक नव्हती. किती डबे होते, कोण पोचवायचे, पैसे कोणी बुडवले, हे विचारण्यात त्या रात्री अकरा वाजले.