एक कमांड, शेकडो रिपॉझिटरी

संगणकीय प्रकल्पाचा कोड आणि त्यात झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जिथे एकत्र राहतो, ती रिपॉझिटरी. प्रकल्प वाढला की एकीवर भागत नाही. घटक सुटे होतात, प्रत्येकाची रिपॉझिटरी वेगळी होते आणि त्या साऱ्या ताज्या ठेवणे हेच एक काम होऊन बसते. मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातले याचे उदाहरण म्हणजे विकिपीडिया.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिचा कोड २०१२ पर्यंत सबव्हर्जन या व्यवस्थेत होता. मुख्य प्रणाली आणि तिला जोडलेली एक्स्टेन्शन्स एकाच मोठ्या साठ्यात असत, त्यामुळे एका कमांडमध्ये सगळे ताजे होई. मार्च २०१२ मध्ये हा कोड गिट या दुसऱ्या व्यवस्थेवर आला. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले गिट वेगवान आहे, पण ते प्रत्येक रिपॉझिटरीला अखंड एकक मानते. म्हणून एकेका एक्स्टेन्शनला स्वतंत्र रिपॉझिटरी मिळाली. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांची सोय झाली. ज्यांना सगळ्यांना एकदम हात लावावा लागतो, त्यांचे काम वाढले. अनुवादाची व्यवस्था पाहणारे त्यांत आलेच.

मराठी विकिपीडियावर परभणी जिल्ह्याचा लेख उघडला, तर पडद्यावर दोन प्रकारचा मजकूर असतो. तालुके, नद्या, कृषी विद्यापीठ ही जिल्ह्याची माहिती डेटाबेसमध्ये असते. ती बदलायला कोडपर्यंत जावे लागत नाही. लेखाभोवतीची बटणे, सूचना आणि चूक झाल्यावर दिसणारे संदेश यांचे मूळ मात्र कोडसोबतच्या फायलींत असते. २०१४ पासून हे संदेश जेसन फायलींत ठेवले जातात. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी; मराठीची एमआर डॉट जेसन. ती मुख्य प्रणालीत असते आणि मराठी अनुवाद झालेल्या प्रत्येक एक्स्टेन्शनमध्येही.

जिंतूर किंवा गंगाखेडला बसून या संदेशांचा अनुवाद करणाऱ्याला यातले काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. फिनलंडच्या निक्लास लॅक्सस्ट्रोम यांनी सुरू केलेल्या ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर त्याने मराठी वाक्य लिहिले की पुरे. ते योग्य रिपॉझिटरीतल्या योग्य फाइलीत पोचवण्याचे काम कमांड लाइनवरच्या साधनांचे.

या कामाचे तीन टप्पे असतात. आधी सगळ्या प्रती ताज्या करायच्या, मग अनुवाद फायलींत उतरवायचे आणि शेवटी बदल कमिट करून, म्हणजे इतिहासात नोंदवून, पाठवायचे. कोणत्या रिपॉझिटऱ्या घ्यायच्या, याची यादी एका फाइलीत लिहिलेली असते. साधन ती वाचते आणि ओळीने किंवा एकाच वेळी अनेकींवर काम करते. हे टप्पे वेगळे ठेवणे ही या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सवय आहे. पाठवण्याआधी थांबून नेमके काय बदलले ते पाहता येते. एका रिपॉझिटरीतली चूक एकदाच निस्तरावी लागते, दोनशे रिपॉझिटऱ्यांत एका कमांडने पेरलेली चूक दोनशे वेळा. अनुवादात अशी चूक सहज होते: संदेशात नाव किंवा संख्या भरण्यासाठी डॉलर आणि आकडा अशी खूण असते, ती गळली तर वाक्य अपुरे उमटते.

ताजे करण्याचा टप्पा वाटतो तितका साधा नाही. गिटची पुल कमांड दोन गोष्टी करते: नवे बदल उतरवते आणि ते स्थानिक प्रतीत मिसळते. स्थानिक प्रतीत स्वतःचे कमिट असतील, तर अनेक रिपॉझिटऱ्यांत नकळत मर्ज होऊन इतिहास गुंतू शकतो. म्हणून फक्त ‘फास्ट-फॉरवर्ड’, म्हणजे मर्ज न करता प्रत सरळ पुढे सरकवणे, शक्य असेल तरच पुढे जा, नाहीतर थांब, असा पर्याय देणे शहाणपणाचे. जी रिपॉझिटरी अडली तिचे नाव शेवटी वेगळे दिसले पाहिजे; नाहीतर शंभर यशस्वी ओळींमध्ये एक अपयश बुडून जाते. तीच कमांड पुन्हा चालवली तर आधीच ताज्या झालेल्या रिपॉझिटरीत काही बिघडू नये आणि रिकामे कमिटही होऊ नये, हेही पाहावे लागते.

अशी साधने इतरत्रही आहेत. अँड्रॉइडसाठी गूगलने लिहिलेले ‘रेपो’ एक्सएमएल यादी वाचून साऱ्या रिपॉझिटऱ्या जुळवते. जोई हेस यांचे ‘मायरेपोज’ गिटबरोबर सबव्हर्जन आणि मर्क्युरियलही सांभाळते. इंटरनेट मंद असेल, तर एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या कमी ठेवणे आणि पूर्ण इतिहासाऐवजी फक्त ताजी प्रत उतरवणे हे दोन उपाय लगेच उपयोगी पडतात.

अनेक रिपॉझिटऱ्यांना एकदम हात लावण्याची वेळ अनुवादापलीकडेही येते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभरच्या कंपन्यांना आपल्या असंख्य रिपॉझिटऱ्यांत ती कुठे कुठे वापरली आहे हे शोधून आवृत्ती बदलावी लागली. अशा वेळी क्रमही सांभाळावा लागतो: आधी लायब्ररी, मग तिच्यावर अवलंबून असलेले घटक, आणि प्रत्येक ठिकाणी चाचण्या.

विकिपीडियाच्या बाबतीत बदल रिपॉझिटरीत पोचले म्हणजे वाचकापर्यंत पोचले असे होत नाही. मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारणपणे मंगळवार ते गुरुवार अशी टप्प्याटप्प्याने संकेतस्थळांवर चढते. आधी चाचणीची संकेतस्थळे, मग इतर प्रकल्प, आणि मराठीसह बहुतेक विकिपीडिया शेवटच्या दिवशी.