आतड्याचा दाह आणि औषधांच्या चाचण्या

समजा, खालापूर तालुक्यातला अकरावीतला एक मुलगा आहे. पोटात मुरडा, शौचावाटे रक्त, वजन उतरत चाललेले. महिनाभर बरे वाटते, पुन्हा तेच. आधी अमांशाच्या गोळ्या होतात, मग क्षयाची औषधे. अखेर मुंबईत दुर्बिणीने आतडे तपासल्यावर कळते, की हा आतड्याचा चिवट दाह आहे. यात आधीच्या डॉक्टरांची चूक असतेच असे नाही. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात, तिथल्या क्षयाच्या जखमा आणि ‘क्रोन्स’ या विकाराच्या जखमा फार सारख्या दिसतात. दाहाचा दुसरा प्रकार ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. तो मोठ्या आतड्यात होतो. औषधांनी दोन्ही आटोक्यात राहतात, समूळ जात नाहीत.

अशा वेळी कोणीतरी सांगते, “नव्या औषधाची चाचणी चालू आहे, नाव घाला.” आणि घरची माणसे कागद घेऊन सरांकडे किंवा बाईंकडे येतात. काय सांगाल?

पहिली गोष्ट, चाचणी म्हणजे हमखास उपचार नव्हे. तो एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर डॉक्टरांनाही ठाऊक नसते. आपल्या हळदीचेच पाहा. तिच्यातला कर्क्युमिन हा पदार्थ कोलायटिसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर देऊन पाहिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५० रुग्ण होते. रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या २६ जणांपैकी १४ जणांचा दाह महिन्याभरात शमला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या २४ जणांपैकी एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन ६२ रुग्णांवर चाचणी झाली (२०१७). तिथे काहीच फरक पडला नाही. मात्रा कमी पडली असेल. पण ‘हळद गुणकारी’ एवढे म्हणून भागत नाही, हे उघड झाले.

दिखाऊ गोळी ही फसवणूक नव्हे काय? २००९ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली होती, उपयुक्त जिवाणूंच्या पुड्यांची. बारा आठवड्यांनी त्या घेणाऱ्यांपैकी शेकडा ४३ जणांचा आजार शमला, आणि रिकामी पुडी घेणाऱ्यांपैकीही शेकडा १६ जणांचा! हा आजार आपोआपही चढतो-उतरतो. तुलनेला दुसरा गट नसता, तर हे १६ औषधाच्याच नावावर जमा झाले असते. म्हणून कोणाला काय मिळायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, आणि रुग्णाला ते सांगितले जात नाही. मात्र हे असे होणार, ही गोष्ट त्याला आधी सांगावीच लागते.

चाचण्या शोधायच्या कुठे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘सीटीआरआय’ ही नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात २००९ पासून सक्तीची आहे. आजाराचे नाव घालून शोधता येते. मजकूर इंग्रजीत असतो, तेव्हा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही हे काम सांगावे. रुग्णभरती चालू आहे की संपली, रुग्णालय कोणते, नीतिसमितीची मंजुरी आहे का, हे पाहावे. वयाची अट तर आधी पाहावी. पुष्कळ चाचण्या अठरा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. आपला मुलगा तिथेच अडेल. मुले घेणाऱ्या चाचणीत पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकारही. नोंदवहीत नावच नसलेल्या ‘चाचणी’साठी कोणी पैसे मागत असेल, तर सरळ घरी यावे.

संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे. सहीची घाई नसते. सही केल्यावरही कधीही कारण न देता बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते, असे २०१९ चे नियम सांगतात. किती खेपा घालाव्या लागतील, दुर्बिणीची तपासणी किती वेळा, हेही विचारावे. खोपोलीहून कर्जतमार्गे मुंबई म्हणजे रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा सबंध दिवस आणि बुडालेली मजुरी. गाडीभाडे मिळणार का, हे कागदात नसेल तर लिहून घ्यावे.

आणि क्षयाची जुनी फाइल टाकून देऊ नये. दाह दाबणारी काही नवी औषधे शरीरात दडलेला क्षय जागा करतात. त्यामुळे ती सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा फोटो काढतात, क्षयाची तपासणी करतात, आणि पूर्वी कोणत्या गोळ्या किती महिने घेतल्या हे विचारतात.